अंजनगावचा तह, गॉसेजचा मनोरा आणि अंतिम वर्षाची प्रयोगशाळा

१/
अंजनगाव सुर्जी हे नाव बहुतेक इतिहासप्रेमींना एकाच दिवसामुळे ठाऊक असते. ३० डिसेंबर १८०३ रोजी येथे दौलतराव शिंदे आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात तह झाला. कंपनीच्या बाजूने वाटाघाटी करणारा आर्थर वेलस्ली पुढे वॉटर्लूचा विजेता म्हणून जगाला माहीत झाला. गंगा-यमुनेचा दुआब, दिल्ली-आग्र्याकडील प्रदेश, भडोच आणि अहमदनगरचा किल्ला शिंद्यांच्या हातून गेले. या तहाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत धाग्याचा विषय वरवर पाहता त्याच्यापासून फार दूरचा आहे: रसायन अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाची प्रयोगशाळा, आणि ती कोणताही गाजावाजा न होता कशी पोकळ केली जात आहे. या दोहोंत संबंध आहे आणि तो तोफांपासून सुरू होतो.

२/
शिंद्यांचा पराभव निकृष्ट तोफांमुळे झाला, हा समज अजूनही टिकून आहे. तो खरा नाही. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आसईच्या मैदानावर त्या तोफांनी वेलस्लीच्या फौजेची जी हानी केली, ती त्याच्या आयुष्यभर लक्षात राहिली. आग्र्याच्या कारखान्यात सँगस्टर नावाच्या स्कॉट माणसाच्या देखरेखीखाली ओतलेल्या त्या तोफा युरोपीय तोफांच्या तोडीच्या होत्या. गोलंदाज एतद्देशीय होते. आसईत त्यांतले कित्येक तोफेपाशीच मेले, पण हटले नाहीत.

मग कमी काय होते? द बॉइन, त्याच्यामागून पेराँ आणि त्यांच्या हाताखालचे युरोपीय अधिकारी यांच्याकडे कवायतीचे, ओतकामाचे आणि हिशेबाचे ज्ञान होते. १८०३ मध्ये युद्ध पेटताच त्यांतले अनेक जण नोकरी सोडून गेले. खुद्द पेराँ लेकच्या आश्रयाला गेला. हात इथले होते, पण त्या हातांना पुढे काय करायचे ते सांगणारे डोके पगारी होते आणि ते निघून गेले. येथे मुद्दा परकेपणाचा नाही. ओतणाऱ्या हाताला धातूचे शास्त्र आणि शास्त्र जाणणाऱ्याला ओतकाम, असा अदलाबदलीचा व्यवहार शिंद्यांच्या राज्यात कधी उभाच राहिला नाही. आसईनंतर २९ नोव्हेंबरला अडगाव, १५ डिसेंबरला गाविलगड आणि महिनाअखेरीस अंजनगाव.

३/
हात आणि डोके यांच्या या फारकतीचा उल्लेख होताच समाजमाध्यमांवर दोन पक्ष उभे राहतात. एकाच्या मते प्रयोगशाळा ही इंग्रजांची देणगी आहे. दुसऱ्याच्या मते सर्व काही आपल्या ग्रंथांत आधीच लिहिलेले होते. दोघांनाही एका बंगाली रसायनशास्त्रज्ञाचे पुस्तक वाचायला लावले पाहिजे.

प्रफुल्लचंद्र राय यांनी हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९०२ मध्ये आणि दुसरा १९०९ मध्ये प्रसिद्ध केला. ‘रसरत्नसमुच्चया’सारख्या ग्रंथांत रसशाळा कशी बांधावी, कोणते यंत्र कोठे ठेवावे, दोलायंत्र कसे आणि पातनयंत्र कसे, याचे जे तपशील आहेत, ते त्यांनी जगापुढे मांडले. येथे पहिला पक्ष निकालात निघतो. पण राय तेथे थांबले नाहीत. ही परंपरा सुकली का, हा प्रश्न त्यांनी विचारला आणि उत्तर देताना बोट जातिव्यवस्थेवर ठेवले: हाताने करायची कामे खालच्या मानलेल्या जातींकडे ढकलली गेली, विचार करणारा वर्ग भट्टीपासून दूर झाला, आणि ‘कसे’ व ‘का’ हे दोन प्रश्न विचारणारी माणसे एकमेकांशी बोलेनाशी झाली. दुसऱ्या पक्षाला हे ऐकायला आवडत नाही. राय नुसते लिहून थांबणारे नव्हते. १९०१ मध्ये त्यांनी बेंगॉल केमिकलची रीतसर कंपनी केली, तेव्हा आम्ल तयार करणारे पात्र कोठे गळते हे त्यांना पुस्तकातून शिकायचे नव्हते.

४/
आता वऱ्हाडचा कापूस. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि त्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. लिव्हरपूलच्या बाजारात अमरावतीच्या नावाचा अपभ्रंश ‘ऊमरा’ हा कापसाचा एक प्रकार म्हणून भावफलकावर झळकू लागला. १८७० मध्ये खामगावच्या बाजारपेठेपर्यंत लोहमार्ग आला आणि त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीने हजर राहिला. एका कापूसबाजारासाठी व्हाइसरॉय येतो, यावरून त्या मालाची किंमत कळावी.

हा भाग बहुतेकांना माहीत असतो. कापूस जहाजात चढला की मात्र मराठी वाचकाची गोष्ट संपते. खरे तर रसायन अभियांत्रिकीच्या दृष्टीने ती तेथून सुरू होते.

५/
गिरणीतून निघालेले कोरे कापड मळकट असते. पूर्वी ते आंबट ताकात भिजवून आठवडेच्या आठवडे कुरणावर उन्हात पसरत. गिरण्यांचा वेग वाढल्यावर एवढी कुरणे आणि एवढे ऊन इंग्लंडात आणायचे कोठून? म्हणून सोडा हवा, विरंजक चूर्ण हवे. सोडा लब्लांकच्या पद्धतीने होई: मिठावर गंधकाम्ल ओतायचे. त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सुटे आणि धुराड्यातून सरळ गावावर जाई. झाडे करपत, कुलपे गंजत.

१८३६ मध्ये विल्यम गॉसेज नावाच्या कारखानदाराने एक पडीक पवनचक्की घेतली, ती काटेरी झुडपे आणि फांद्या यांनी भरली, वरून पाणी सोडले आणि खालून तो वायू. फांद्यांवरून पाण्याचे पातळ थर ओघळत, वायू त्यांत विरघळे, आणि माथ्यावरून जवळजवळ निर्विष हवा निघे. हा मनोरा रसायन अभियांत्रिकीच्या ‘पॅक्ड कॉलम’चा पूर्वज होय. १८६३ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा केला की या वायूपैकी ९५ टक्के अडवलाच पाहिजे. पुढे त्याच वायूपासून क्लोरिन आणि क्लोरिनपासून विरंजक चूर्ण होऊ लागले. ज्याने झाडे जाळली, त्यानेच कापड पांढरे केले.

कायदा आला म्हणून निरीक्षक आले. त्यांतला एक जॉर्ज डेव्हिस. तो कारखान्याकारखान्यांत हिंडला आणि त्याला एक गोष्ट दिसली: साबण, सोडा, रंग, डांबर, सगळ्यांचे धंदे वेगळे, पण गरम करणे, गाळणे, विरघळवणे, ऊर्ध्वपातन ही कामे सर्वत्र तीच. १८८७ मध्ये त्याने मँचेस्टरच्या तंत्रशाळेत १२ व्याख्याने दिली. रसायन अभियांत्रिकी हा स्वतंत्र विषय म्हणून तेथे जन्मला, आणि जन्मला तो कापसाच्या शहरात, गळक्या मनोऱ्यांची पाहणी केलेल्या माणसाच्या तोंडून. त्याची व्याख्याने १९०१ मध्ये ग्रंथरूपाने आली, तेव्हा त्यात तांत्रिक प्रयोगशाळेला मानाचे स्थान होते.

म्हणजे कापूस वऱ्हाडचा आणि त्याच्याभोवती उभे राहिलेले शास्त्र मँचेस्टरचे. वऱ्हाडने या व्यवहारात काय गमावले, याचा हिशेब कापसाच्या भावात करतात. तो अपुरा आहे. खरे नुकसान असे की मनोऱ्याजवळ उभे राहून ‘हे असे का होते’ असे विचारण्याची संधी येथल्या एकाही तरुणाला मिळाली नाही.

६/
सरकीची गोष्ट याहून बोलकी आहे. वऱ्हाडात सरकी बैलांना घालत, ढेप म्हशींना. १९११ मध्ये अमेरिकेत सिनसिनाटीच्या एका कंपनीने सरकीच्याच तेलात हायड्रोजन मिसळून लोण्यासारखा घट्ट पदार्थ केला आणि ‘क्रिस्को’ या नावाने घरोघर पोचवला. बी तेच होते. फरक होता तो पात्र, दाब, निकेल आणि ते हाताळू शकणाऱ्या माणसांचा.

७/
ती माणसे घडवायची कशी, हा प्रश्न जगाने विसाव्या शतकाच्या आरंभी सोडवला. १९१५ मध्ये आर्थर लिटल याने ‘युनिट ऑपरेशन्स’ ही संज्ञा रूढ केली आणि १९१६ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीने आपले विद्यार्थी थेट कारखान्यांतील केंद्रांवर राहायला पाठवले. गणित कच्चे म्हणून नव्हे. गणित पक्के झाल्यावर.

महाराष्ट्र आणि त्याचा शेजार येथे मागे नव्हता, हे आवर्जून सांगितले पाहिजे. १८९० मध्ये सयाजीरावांच्या बडोद्यात कलाभवन निघाले. त्याचे सूत्रधार त्रिभुवनदास गज्जर. १८९६ मध्ये चापेकर बंधूंनी मुंबईतील राणीच्या पुतळ्याला डांबर फासले, ही गोष्ट इतिहासाची आवड असलेल्या प्रत्येक मराठी मुलाला पाठ असते. ते डांबर संगमरवरावरून उतरवले ते याच गज्जरांनी, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. (राष्ट्रभक्तीच्या तराजूत या दोन कृत्यांचे काय करायचे ते ज्याचे त्याने ठरवावे, रसायनशास्त्राच्या तराजूत दुसरे अधिक अवघड होते.) १९०८ मध्ये तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून, लोकांनी दिलेल्या एकेका पैशातून उभा राहिलेला हा कारखाना शाळाही होता. भट्टीपुढे शिकलेली माणसे तेथून बाहेर पडून इतर काचकारखान्यांत गेली. १९२१ मध्ये जादवपूरला रसायन अभियांत्रिकीचे शिक्षण सुरू झाले. १ ऑक्टोबर १९३३ रोजी मुंबई विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग उघडला, आणि आरंभीच्या विषयांत वस्त्ररसायन असावे हे गिरण्यांच्या शहरात स्वाभाविकच होते. १९४२ मध्ये नागपूरला अमरावती रस्त्यावर लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट उभी राहिली, कामठीच्या रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्राने विद्यापीठाला दिलेल्या संपत्तीतून. मँगनीजच्या खाणींवर मोठ्या झालेल्या त्या माणसाला कच्चा माल विकणे म्हणजे काय, हे कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

८/
एवढा वारसा असताना आज अंतिम वर्षाच्या प्रयोगशाळेत काय चालते?

एका उपकरणाभोवती पंधरा-वीस जण. एक जण झडप फिरवतो, एक जण रीडिंग लिहितो, उरलेले भिंतीला टेकतात. पंप बंद असेल तर गेल्या वर्षीच्या जर्नलमधून आकडे उतरवले जातात. पंप चालू असला तरी बऱ्याचदा तेच होते, कारण जुन्या आकड्यांचा आलेख सरळ येतो. ज्यांना थोडी लाज वाटते ते उत्तरावरून उलटे गणित करून रीडिंग ‘बसवतात’. सबमिशनच्या आठवड्यात फायलींचा ढीग, व्हायव्हाला बाहेरून आलेले परीक्षक, पाच प्रश्न, सही. महासाथीच्या २०२०-२१ या काळात तर प्रात्यक्षिक पडद्यावरच उरकावे लागले. तो नाइलाज होता, त्याबद्दल कोणी दोष देऊ नये. दोष आहे तो नाइलाजाला नंतर धोरण समजण्याचा. आता काही ठिकाणी गंभीर चेहऱ्याने सांगितले जाते की सिम्युलेशन आहे, आभासी प्रयोगशाळा आहे, मग एवढी जागा, पाणी, वीज आणि प्रयोगशाळा सहायकाचा पगार कशाला?

९/
या युक्तिवादाचा समाचार घ्यायलाच हवा.

सिम्युलेशन उपयोगी आहे, यात वाद नाही. शंभर तबकड्यांचा ऊर्ध्वपातन स्तंभ कोणी कॉलेजच्या आवारात बांधू शकत नाही. तो पडद्यावरच पाहावा. प्रयोगाच्या आदल्या दिवशी आभासी प्रयोग करून आलेला विद्यार्थी दुसऱ्या दिवशी शहाणे प्रश्न विचारतो, हेही मान्य. परंतु सिम्युलेशन फक्त तेवढेच जाणते, जेवढे त्याला सांगितलेले असते. पॅक्ड कॉलममध्ये खालून सोडलेली हवा हळूहळू वाढवत नेली की एका क्षणी पाणी खाली उतरेनासे होते, भरणीवर साचू लागते आणि मनोरा ‘फ्लड’ होतो. पुस्तकातील आलेखात तेथे रेषेचा एक बाक असतो. खऱ्या मनोऱ्यात आधी आवाज बदलतो. झिरपण्याच्या आवाजात गुडगुड मिसळते, मग यू-नळीतले रंगीत पाणी उसळी मारते. ज्याने तो आवाज एकदा ऐकला, तो पुढे कारखान्यात मोजमापकाचा काटा हलण्यापूर्वी मान वर करतो.

आणि हिशेब जुळत नाही, हा प्रयोगशाळेतला सर्वांत मोलाचा धडा. आत शंभर किलो गेले, बाहेर त्र्याण्णव आले, सात कोठे गेले? गळती, बाष्पीभवन, चुकीचा रोटामीटर, ओली बादली, की समीकरणच या परिस्थितीला लागू नाही? पडद्यावर हिशेब नेहमी जुळतो. म्हणूनच तो शिकवत नाही.

१०/
पैशाचे कारण सर्वांत पुढे केले जाते आणि सर्वांत कमकुवत तेच आहे. गॉसेजने पडीक पवनचक्की आणि झुडपे वापरली होती. पुरुषभर उंचीची पारदर्शक नळी, कापलेल्या प्लास्टिक नळीचे तुकडे, टाकीतला पंप, एक ब्लोअर आणि काचेची यू-नळी एवढ्यात तो प्रयोग उभा राहतो, आणि सगळे मिळून एखाद्या बऱ्यापैकी मोबाइलहून फार महाग पडू नये. १९६४ मध्ये केंब्रिजहून परतलेले प्रा. मनमोहन शर्मा माटुंग्याच्या त्याच विभागात प्राध्यापक झाले. वायू द्रवात किती वेगाने शोषला जातो, हे ढवळपात्रे आणि बुडबुड्यांचे स्तंभ अशा साध्या साधनांनी मोजत त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी जगभर वाचले जाणारे संशोधन केले. १९९० मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. उणीव यंत्रांची नसते. बंद पडलेला पंप दुरुस्त करणे हे कोणाचेच काम मानले जात नाही, ही उणीव आहे. प्राध्यापक तो उघडत नाहीत कारण ते प्राध्यापक आहेत. विद्यार्थी उघडत नाहीत कारण ते अभियंते होणार आहेत. प्रफुल्लचंद्रांनी १९०२ मध्ये ज्यावर बोट ठेवले होते, ते येथे शंभर वर्षांनी पुन्हा दिसते.

११/
राहिला सुरक्षेचा आक्षेप: मुलांच्या हाती गरम तेल आणि दाहक सोडा कशाला?

१९ डिसेंबर २००७ रोजी अमेरिकेत फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे टी-टू लॅबोरेटरीज हा छोटा कारखाना स्फोटात उद्ध्वस्त झाला. चार जण मेले. मालकांपैकी एक रसायनशास्त्रज्ञ होता, दुसरा रसायन अभियंता. त्यांनी प्रक्रिया एक लिटरच्या पात्रात तपासली होती आणि तेथून, मधली पायरी न घेता, हजारो लिटरच्या अणुभट्टीसारख्या जाड पोलादी पात्रात नेली. लहान पात्रात उष्णता भिंतींतून सहज निघून जाते. पात्र मोठे झाले की उष्णता निर्माण करणारे आकारमान घनाच्या प्रमाणात वाढते आणि ती बाहेर टाकणारा पृष्ठभाग फक्त वर्गाच्या. त्या दिवशी थंड पाण्याचा पुरवठा बिघडला आणि प्रक्रिया हाताबाहेर गेली. चौकशी करणाऱ्या मंडळाने केलेल्या शिफारशींत एक थेट अभ्यासक्रमाविषयी होती: रसायन अभियांत्रिकीच्या पदवीत अशा अनियंत्रित अभिक्रियांचे धोके शिकवा.

अंतिम वर्षाची प्रयोगशाळा ही नेमकी ती मधली पायरी आहे. पाच-दहा लिटरच्या पात्रात, चष्मा घालून, शिक्षक शेजारी असताना तापमान अपेक्षेपेक्षा भराभर चढू लागलेले ज्याने पाहिले नाही, त्याला महाराष्ट्रातील एखाद्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळीला दहा हजार लिटरच्या पात्रासमोर उभे करणे, याला सुरक्षितता म्हणता येत नाही.

१२/
पुन्हा अंजनगावकडे. या तालुक्यात आणि शेजारच्या अकोट-अचलपूर पट्ट्यात पानमळे आहेत आणि पानपिंपरी आहे. बारी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेले हे पीक. हिरवी कणसे वेलावरून खुडायची, उन्हात वाळवायची आणि औषधांच्या बाजारात धाडायची. तिच्यातला तिखट घटक पायपरिन. मिऱ्यांतून तो १८१९ मध्ये वेगळा केला ऑर्स्टेडने. होय, तोच ऑर्स्टेड, ज्याने पुढच्या वर्षी विजेच्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलताना पाहिली.

पायपरिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, अल्कोहोलात विरघळते. येथून पुढे सगळी अभियांत्रिकी आहे. पिंपरी किती बारीक दळायची? जाड ठेवली तर द्रावक आत शिरायला वेळ लागतो. पीठ केले तर थर गच्च बसतो आणि द्रावक उतरतच नाही. किती वेळा धुवायचे? शेवटी अल्कोहोल परत मिळवताना किती उडून गेले? धंदा चालणार की बुडणार ते बहुधा या शेवटच्या आकड्यावर ठरते. कणसे केव्हा पुरती वाळली हे बोटांनी ओळखणारा शेतकरी आणि विसरणाचे समीकरण सोडवू शकणारा विद्यार्थी एकाच तालुक्यात राहतात. त्यांची भेट कोणत्या अभ्यासक्रमात लिहिली आहे?

सरकीचेही तसेच. घाण्यातून निघालेले कच्चे तेल काळपट तांबडे असते. ते कॉस्टिक सोड्याने धुतात. सोडा कमी पडला तर रंग राहतो. जास्त झाला तर चांगल्या तेलाचाही साबण होतो आणि नफा त्या गाळाबरोबर वाहून जातो. तक्ते आहेत, पण या हंगामाची, पावसात भिजलेली सरकी तक्त्याला विचारून आलेली नसते. हा प्रयोग वऱ्हाडातल्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने तीनदा चुकवला पाहिजे.

१३/
अंजनगावच्या स्थानकावरून शकुंतला रेल्वे धावत असे. मूर्तिजापूर-अचलपूर मार्गावरच्या त्या छोट्या गाडीचे वाफेचे इंजिन १९२१ मध्ये मँचेस्टरला बांधलेले होते, आणि १५ एप्रिल १९९४ पर्यंत, सत्तर वर्षांहून अधिक काळ, ते कामावर होते. इंजिन मँचेस्टरचे, पण त्याला इतकी वर्षे चालते ठेवले ते येथल्या फिटरांनी. त्यांना कोणी अभियंता म्हटले नाही, आणि ज्यांना अभियंता म्हटले जाते त्यांच्याकडून कोणी पाना हातात घेण्याची अपेक्षा ठेवली नाही.

विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना यात करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्याला फार खर्चही नाही. गट चार जणांचा करावा. बिघडलेला पंप दुरुस्त करणे हा पहिला प्रयोग धरावा आणि त्याला गुण द्यावेत. न जुळलेला हिशेब प्रामाणिकपणे मांडणाऱ्या जर्नलला, उतरवलेल्या सरळ रेषेपेक्षा अधिक गुण द्यावेत. एक प्रयोग तालुक्यातल्या मालावर असावा: अंजनगावला पानपिंपरी, खामगावला सरकी. आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांनी व्हायव्हाला फाइल मिटून ठेवावी, विद्यार्थ्याला मनोऱ्यापाशी न्यावे आणि म्हणावे, पाणी सोड, हवा वाढव, आणि फ्लड व्हायच्या आधी थांब.